प्याल्यांची किणकिण

शनिवारी दुपारी प्याले धुताना माझ्या हातून एक फुटला, तेव्हाच मी ठरवून टाकलं की उद्याचा दिवस काही धड जायचा नाही. तसं मला हे ठरवायला काही फुटावं लागतं असं नाही. मी काळजी करणारी बाई आहे. दार वाजलं तर वाईट बातमी, नाही वाजलं तर त्याहून वाईट. आमचे हे म्हणतात, "तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी जिन्याला कठडा आहे का ते बघशील." बघीनच. पडलं कोणी तर?

पण या खेपेची काळजी उगीचची नव्हती. उद्या प्रभुभोजन होतं आणि आमचे हे ट्रे धरणार होते. बहुतेक शेवटच्या वेळी.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर वाटून झाली की द्राक्षरसाचे प्याले फिरतात. प्याले म्हणजे अंगठ्याएवढे, काचेचे. पत्र्याच्या गोल ट्रेला भोकं पाडलेली असतात, एकेका भोकात एकेक प्याला. बाकांच्या दोन रांगा, म्हणून दोन ट्रे आणि दोन माणसं. डाव्या रांगेचा ट्रे आमच्या ह्यांच्याकडे, आमच्या लग्नाच्याही आधीपासून. त्या वेळात पेटी वाजत नाही, कुणी गात नाही, बोलायचं तर नावच नको. ट्रे समोर आला की प्याला उचलायचा आणि हातात धरून बसायचं. सगळ्यांना मिळाला की पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, सांगतात आणि मग आख्खी मंडळी एकदम घेते. या शांततेचा आमच्या लोकांना भारी अभिमान. पूर्वी तर म्हणायचे, ट्रे धरावा तर ह्यांनी, पाणीसुद्धा हलत नाही.

हे धंद्यानं केस कापणारे. हात असा स्थिर की रडणाऱ्या पोराचे केससुद्धा सरळ रेषेत कापले जायचे. मग कंपवात आला. आधी एक बोट, मग हात, मग दोन्ही हात. "वस्तरा घेतलेला माणूस थरथरायला लागला की गिऱ्हाइकाला आपोआप देव आठवतो," असं हेच सांगतात आणि वर हसतात. मला नाही हसू येत. दुकान पुतण्याकडे गेलं. हे तिथं जाऊन बसतात, पेपर वाचतात, आरसे पुसतात. ज्या दिवशी किल्ली पुतण्याच्या हातात दिली, त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "असू दे. ट्रे आहे ना अजून."

तेव्हापासून मला त्या ट्रेची धास्ती. कारण हात थरथरले की प्याले वाजतात. काच पत्र्याला लागते, पत्रा काचेला. अख्ख्या चर्चमध्ये दुसरा आवाज नसतो, आणि आमचे हे एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे निघाले की किणकिण, किणकिण. लोक मान खाली घालून प्रार्थना करत असतात असं आपण म्हणायचं, पण मी शेवटच्या बाकावरून सगळ्यांचे कान बघत असते. गेल्या वर्षभरात तो आवाज महिन्यागणिक वाढत गेला, आणि गेल्या महिन्यात थोडा रस सांडला एका बाईंच्या पर्सवर. त्या बाई काही बोलल्या नाहीत. न बोलणारी माणसं मला जास्त घाबरवतात.

बोलले ते सेक्रेटरी. आमच्या मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस, वाईट नाहीत, पण खुर्चीत बसले तरी उभे असल्यासारखे वाटतात. घरी आले, चहा घेतला, आणि ह्यांना म्हणाले, "तुम्ही किती वर्षं सेवा केलीत. आता जरा दमानं घ्या. दाराशी उभं राहून लोकांचं स्वागत करा, किंवा शास्त्रवाचन करा. काय आहे, त्या आवाजानं काही जणांचं लक्ष विचलित होतं."

हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

एवढंच. मी सरळ म्हटलं, "अहो सेक्रेटरी, लक्ष लहान पोरांच्या खोकल्यानंही विचलित होतं. त्यांना पण दाराशी उभं करणार का?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कप उचलून आत निघून गेले. शेवटी ठरलं ते असं, की या महिन्यात ह्यांनीच ट्रे धरायचा, आणि मग पाळकसाहेब आणि सेक्रेटरी बसून काय ते ठरवतील. परीक्षा म्हणा ना. परीक्षा हा शब्द कुणी काढला नाही, पण हे तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात पाण्यानं भरलेल्या वाट्या ताटात ठेवून दारापासून खिडकीपर्यंत चालायला लागले. मी फरशी पुसायची.

मला सांगा, त्यांच्याकडून ट्रे काढून घेतला तर माझ्या माणसाकडे उरलं काय? रविवारी हा माणूस पहाटे उठतो, पंधरा मिनिटं लागली तरी शर्टाची बटणं स्वतः लावतो, मला हात लावू देत नाही. इतर दिवशी दुपारचे बारा वाजले तरी बनियनवर बसलेला असतो. ट्रे गेला की रविवारही इतर दिवसांसारखा होईल आणि मग एक दिवस हे उठणारच नाहीत, हे मला दिसत होतं. माझी काळजी बहुतेक वेळा खोटी निघते, हे मान्य. ही निघाली नसती.

तर शनिवारी दुपारी, चर्चच्या मागच्या खोलीत, मी प्याले धूत होते. ते काम माझं. एक फुटला, त्याच्या काचा गोळा केल्या आणि उरलेले पुसून ट्रेमध्ये बसवायला लागले. भोक जरा सैल, प्याला त्यात डुलतो, म्हणून वाजतो. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पडदे, उशांचे अभ्रे, खुर्च्यांच्या गाद्या शिवते. खुर्चीचे पाय फरशीवर वाजू नयेत म्हणून खाली लावायचं जाड लोकरी कापड माझ्याकडे तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं असतं. हिरवं. घरी धावत गेले, कापड, कात्री, डिंक घेऊन आले. प्रत्येक भोकाच्या कडेला आतून पट्टी चिकटवली. संध्याकाळ व्हायच्या आत झालं सगळं. प्याले बसवले आणि ट्रे दोन्ही हातांनी धरून, दात-ओठ खात गदागदा हलवला.

काही नाही. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

मी तिथंच खुर्चीवर बसले आणि प्रार्थना केली. माझ्या प्रार्थना काही छापण्यासारख्या नसतात. मी म्हटलं, "प्रभू, बाकी तुझं तू बघ, पण उद्या आवाज होऊ देऊ नकोस. एवढं एकदा माझं ऐक." ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काढायला लावलं असतं. आणि मान खाली घालून चालणारा माणूस तो, हात भरलेले असताना भोकात कशाला डोकावतोय!

रविवारी मी नेहमीसारखी शेवटच्या बाकावर, वाटेच्या कडेला बसले. गीतं झाली, वाचन झालं, उपदेश झाला. पाळकसाहेब कशावर बोलले ते मला विचारू नका. मी ह्यांच्या मानेकडे बघत होते. पुढच्या बाकावर बसले होते, मागचे केस पुतण्यानं जरा वाकडे कापले होते. भाकर वाटून झाली. पाळकसाहेबांनी प्याल्यांसाठी प्रार्थना केली आणि ट्रे ह्यांच्या हातात दिला.

आवाज झाला नाही.

ट्रे हलत होता, मला इथून दिसत होतं. खांद्यापासून थरथरत होते. पण आवाज नाही. पहिला बाक झाला. दुसरा झाला. सेक्रेटरी पहिल्याच बाकावर होते, त्यांनी प्याला घेतला आणि भुवया वर करून ह्यांच्याकडे बघितलं. मला तर नाचावंसं वाटलं. देवानं ऐकलं होतं.

तिसऱ्या बाकावर वाटेच्या कडेला ऑपरेटरबाई बसतात. टेलिफोनच्या बोर्डावर त्यांनी आयुष्यभर काम केलं म्हणून हे नाव. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. काठी घडी करून बाकाखाली ठेवतात आणि ताठ बसतात. दीड-दोन वर्षांपूर्वी त्या आमच्यात आल्या, तेव्हा त्यांच्या शेजारी बसणारी बाई त्यांचं मनगट धरून प्याला हातात द्यायची. पुढं पुढं ऑपरेटरबाई स्वतःच अचूक हात पुढे करायला लागल्या. सरावल्या, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. शेजारची बाई मग पंख्याखाली जागा मिळाली म्हणून दुसऱ्या बाकावर गेली. कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

हे त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. वाटेवर जाजम आहे, आणि ह्यांची चाल मुळातच हलकी, गिऱ्हाइकाच्या खुर्चीभोवती फिरून झालेली. ऑपरेटरबाईंचे हात मांडीवर. मान किंचित तिरकी. त्या वाट बघत होत्या, पण ते मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते इतकंच, की त्यांनी हात पुढे केला नाही.

आता आमच्यात अशी रीत आहे, की ज्याच्या मनात काही सलतंय, कुणाशी बिनसलंय, आपण आज या मेजाच्या लायकीचे नाही असं ज्याला वाटतंय, त्यानं हात मांडीवर ठेवावेत. ट्रे धरणाऱ्यानं क्षणभर थांबावं आणि पुढे जावं. विचारायचं नाही, खुणवायचं नाही, नंतरही विषय काढायचा नाही. ज्याचं त्याच्यापाशी.

हे थांबले. जरा जास्तच थांबले. आणि रीतीप्रमाणे पुढे गेले.

चौथ्या बाकावर कुणीतरी प्याला उचलला, कुणाची तरी अंगठी काचेला लागली, टिंग. आणि ऑपरेटरबाई त्या शांततेत, टेलिफोनवर बोलतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मला सोडून पुढं गेलात का हो?"

सगळ्या माना वर झाल्या. आमच्या चर्चमध्ये त्या घटकेला बोललेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

हे वळले. "ताई, तुम्ही हात पुढे केला नाहीत," हळूच म्हणाले. "मला वाटलं, आज तुमची इच्छा नाही."

"इच्छा नाही कशी? महिनाभर वाट बघते मी. पण तुम्ही आलात कधी? आज ट्रे वाजला कुठं?"

"वाजला कुठं म्हणजे?"

"अहो, दर वेळी वाजत येतो की! पहिल्या बाकापासून ऐकते मी. जवळ येतो, समोर थांबतो, मी हात करते. आधी त्या बाई मनगट धरायच्या, दचकायला व्हायचं मला. तुमचा ट्रे वाजायला लागला तेव्हापासून मी माझी माझी घेते." त्या जरा थांबल्या. "आज काय झालं? बरं वाटायला लागलं का तुम्हाला?"

हे ट्रेकडे बघत राहिले. मग एक प्याला थोडा वर उचलला आणि त्यांना ते हिरवं दिसलं.

माझ्या घरातलं कापड त्यांना कळणार नाही होय? खुर्च्यांना तेच आहे, पलंगाला तेच आहे. त्यांनी मान वर केली आणि थेट शेवटच्या बाकाकडे बघितलं. रागावले असते तर मला परवडलं असतं.

सेक्रेटरी उठून आले होते. त्यांनी वाकून बघितलं. "हे कुणी लावलं?"

मी उभी राहिले. "मी," म्हटलं. "आवाज होऊ नये म्हणून." तुमच्यासाठीच केलं, तुमच्या लक्षासाठी, असं सेक्रेटरींना ठणकावून सांगायचं होतं. पण मला तेव्हाच कळलं होतं की ते काही फक्त त्यांच्यासाठी नव्हतं. माझा नवरा थरथरतो हे लोकांना ऐकू जाऊ नये, असं मला वाटत होतं. मलाच लाज वाटत होती त्यांची. देवा, मला लाज वाटत होती.

ऑपरेटरबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या कानात बोळा घातलात की हो." त्यात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मी खाली बसले. आता पाळकसाहेब काहीतरी सावरून नेतील, एक प्याला त्यांच्या हातात देतील आणि उपासना पुढं जाईल, असं मला वाटलं. पाळकसाहेब मेजापासून खाली उतरून आले, ट्रे बघितला, आणि म्हणाले, "आपण थांबू या. काढू हे."

"आत्ता?" सेक्रेटरी म्हणाले.

"मग कधी?"

आणि मग आमच्या त्या शांततेच्या अभिमानी मंडळीनं जे केलं ते मी शेवटच्या बाकावरून डोळे फाडून बघत राहिले. पट्ट्या काढायच्या तर आधी भरलेले प्याले बाहेर काढायला हवेत, आणि ते ठेवणार कुठे? पाळकसाहेब एकेक प्याला उचलून जवळच्या लोकांच्या हातात देत गेले. एका हातात स्वतःचा, दुसऱ्या हातात दुसऱ्याचा. ज्यांच्याकडे अजून ट्रे पोचला नव्हता त्यांनी दोन्ही हातांत परक्यांचे धरले. उजव्या रांगेतले लोक उठून डाव्या रांगेत आले. पर्सवर रस सांडलेल्या बाई तीन प्याले बोटांत अडकवून उभ्या होत्या. "मलाही द्या की," ऑपरेटरबाई म्हणाल्या, "माझे हात काही आंधळे नाहीत." त्यांच्याही दोन्ही हातांत प्याले आले. कुणी हसलं. मग बरेच जण हसले. प्रभुभोजनात हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटलं आता छत कोसळणार, पण काही झालं नाही.

हे रिकामा ट्रे धरून उभे होते आणि कडक इस्त्रीचे सेक्रेटरी वाकून एकेक पट्टी ओढत होते. "नुसतं वर ठेवल्यासारखं आहे हे, बोट लावलं की निघतंय," ते पुटपुटले. एवढ्या सगळ्यात मला त्याचा राग आलाच. शिवायला वेळ मिळाला असता तर काय बिशाद होती निघायची! पट्ट्यांचा हिरवा बोळा त्यांनी कोटाच्या खिशात कोंबला, ट्रे ह्यांच्या हातात नीट दिला आणि मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या महिन्यात असलं काही लावू नका. तुम्ही आलात हे बाईंना कळलं पाहिजे."

पुढच्या महिन्यात. मी ते दोन शब्द मनात घट्ट धरले. म्हणजे बसून ठरवायचं होतं ते ठरलं होतं, उभ्या-उभ्याच. ह्यांनाही ते कळलं, कारण त्यांचा खालचा ओठ हलायला लागला, आणि तो कंपवातानं नव्हता हलत.

प्याले परत ट्रेमध्ये गेले. लोक आपापल्या जागी बसले. ट्रे हलला आणि वाजला. ऑपरेटरबाईंनी लगेच हात पुढे केला, अचूक, आणि प्याला घेतला. "आला," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग हे एकेक बाक करत मागे यायला लागले. मी मान वर करू शकत नव्हते. डोळे मिटून घेतले, आणि वर्षभरात पहिल्यांदा तो आवाज मी नीट ऐकला. आत्तापर्यंत मी फक्त तो थांबावा म्हणून ऐकत आले होते. पाचव्या बाकाशी आहेत. सहाव्या. वाकले, सरळ झाले, निघाले. न बघता मला माझा माणूस कुठे आहे ते कळत होतं. हा आवाज पुढे वाढणार, मग एक दिवस हात ट्रे धरूच शकणार नाहीत, हे मला माहीत होतं आणि भीती जशीच्या तशी पोटात होती. पण आज ते चालत होते, आणि माझ्याकडे येत होते.

किणकिण माझ्यापुढे येऊन थांबली.

मी हात मांडीवर ठेवले. ज्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याचा आवाज बंद केला आणि एका आंधळ्या माणसाचा प्याला हुकवला, तिनं आज कुठल्या तोंडानं घ्यावा? रीत आहे. क्षणभर थांबतील आणि पुढे जातील. नंतर विषयही काढणार नाहीत.

ते पुढे गेले नाहीत. मी खाली मान घालून बसले आणि ते तसेच उभे. उजव्या रांगेचा ट्रे केव्हाच मेजावर पोचला होता. आख्खी मंडळी प्याले हातात धरून आमच्यासाठी खोळंबली होती. जितका वेळ ते उभे राहिले तितके हात जास्त थरथरायला लागले, आणि प्याले जोरजोरात वाजायला लागले, आता तर भिंतीपर्यंत ऐकू जात असेल. पुढे जा ना, मी मनात म्हटलं. जा ना हो.

त्यांनी वाकून तोंड माझ्या कानाशी आणलं. इतक्या वर्षांत ट्रे हातात असताना ते पहिल्यांदाच आपणहून बोलले.

"घे गं लवकर," ते म्हणाले. "हात भरून आलेत माझे."

मी घेतला.